मूळ गाडी कोणती? खानदेशातल्या एका फिरत्या घराचा इतिहास

इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की किल्ले, ताम्रपट, दफ्तरं, फार तर एखादी बखर, अशी श्रोत्यांची तयारी असते. मी आज एका गाडीबद्दल बोलणार आहे. संयोजकांना विषय कळवला तेव्हा फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतताच होती. मग ते म्हणाले, "सर, गाडी म्हणजे बैलगाडी ना?" म्हटलं, नाही, चार चाकांची, इंजिनाची. पण बैलगाडीही येईल मधे, काळजी करू नका.

ही गाडी आम्हाला मिळाली शिरपूरच्या पुढे, तापीच्या काठच्या एका शेतात. कडुनिंबाखाली उभी होती. टायर जमिनीत रुतलेले, आत शेळ्यांचं बिऱ्हाड. नाक नसलेली गाडी. म्हणजे पुढे बॉनेट नाहीच, काच सरळ उभी आणि ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसणार. मागे मिनीबससारखा लांबट डबा. गावातली पोरं तिला 'डबा'च म्हणत. माझा मावसभाऊ गाड्यांचा शौकीन, त्याने वाकून खाली पाहिलं आणि ओरडला, "अरे, पुढेपण डिफरन्शल आहे!" म्हणजे फोर बाय फोर. चारही चाकांना ताकद जाणारी, आणि वर झोपता येईल एवढा डबा. परदेशात अशा गाडीला ऑफ-रोड कॅम्पर म्हणतात आणि लोक त्यासाठी वेडे होतात. आमच्याकडे तिच्यात शेळ्या होत्या.

ती विकत घेतली, ओढून धुळ्याला आणली आणि पुढची काही वर्षं आम्ही चारपाच जण तिच्यामागे लागलो. ते करताना एक प्रश्न असा आडवा आला की तो गॅरेजमध्ये सुटेना. गाडी 'मूळ रूपात' आणायची, हे ठरलं होतं. पण मूळ रूप म्हणजे कोणत्या सालचं? आजचं बोलणं त्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी वंशावळ सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपलं आणि लष्कराला नको झालेल्या जीप हिंदुस्थानातही विक्रीला निघाल्या. त्याच सुमाराला, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला मोहम्मद जाऊन दुसरा महिंद्र आला. १९४९ पासून मुंबईत माझगावला विलीज कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात झाली.

आता आपल्या बिननाकाच्या गाडीचं. १९५६ च्या अखेरीस विलीजने अमेरिकेत 'फॉरवर्ड कंट्रोल' नावाचा छोटा ट्रक आणला. त्याचंच लघुरूप एफसी. जीपचाच सांगाडा, जीपचंच इंजिन, पण ड्रायव्हर उचलून पुढे नेऊन ठेवलेला. फायदा असा, की गाडी तेवढीच आखूड राहते आणि सामानाला जागा दुप्पट होते. एफसी-१५० च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८१ इंच. तिचं रूप ठरवलं ब्रूक्स स्टीव्हन्स या रचनाकाराने. (याच गृहस्थाने एका मांसविक्रेत्या कंपनीसाठी सॉसेजच्या आकाराची जाहिरातगाडीही केली. माणूस कुठल्याच कामाला नाही म्हणत नसावा.) अमेरिकेत ही एफसी काही चालली नाही. आठनऊ वर्षांत सगळ्या मिळून तीसेक हजार गाड्या झाल्या आणि तिथलं उत्पादन थांबलं. तिच्यावर प्रवासी डबा बसवायची कल्पना स्टीव्हन्सची होती. त्याचे तीन नमुने जर्मनीत स्टुटगार्टच्या रॉयटर कारखान्यात तयार झाले, आणि तिथेच विषय संपला.

तिकडे संपलेली ही गोष्ट इकडे सुरू झाली. १९६५ पासून महिंद्रने एफसी-१५० मुंबईत बनवायला घेतली. मग एफसी-१६० आली आणि याच घराण्यातली एफजे नावाची मिनीबसही निघाली. अमेरिकेत तीन नमुन्यांवर थांबलेला प्रवासी डबा आपल्याकडे शाळेच्या पोरांना, लग्नाच्या वऱ्हाडाला, खात्याच्या कर्मचाऱ्यांना घेऊन फिरू लागला. जुन्या गाड्यांचे परदेशी अभ्यासक आज त्या तीन नमुन्यांविषयी हळहळतात. आमच्याकडे तो डबा होता आणि आम्ही तो भंगारात घालत होतो.

हे सगळं खानदेशात कशाला आलं? इथली जमीन पाहिली तर उत्तर मिळतं. मधे तापी, दोन्ही बाजूंना काळी, कापसाची जमीन. उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात, पावसाळ्यात तीच जमीन चाकाला चिकटून बसते. उत्तरेला सातपुडा. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत धुळ्याच्या अधिकाऱ्याचा मुलूख अक्राणीपर्यंत, नर्मदाकाठच्या मणिबेलीपर्यंत पोचत होता. तोरणमाळ हजार मीटरहून उंच. तिथे जायचं किंवा यावल-रावेरच्या वरच्या पाड्यांवर जायचं, तर ओढे आडवे, पूल नाहीत. साध्या गाडीचं ते काम नव्हतं. म्हणून वन खातं, बांधकाम खातं, आरोग्य खातं, सगळ्यांच्या दारात जीप दिसायची. हिवतापाच्या मोहिमेने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी जीप खेडोपाडी नेली. त्यांतल्या काही केंद्रांच्या जीप युनिसेफकडून आलेल्या होत्या.

आणि या भागात एकदा आत शिरलं की त्याच दिवशी परत येता येत नाही. मुक्काम पडतो. त्यामुळे फिरतं घर ही आपल्याला नवी वस्तू नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा कारभार बघायला आला आणि धुळं हे त्याचं ठाणं झालं. त्यानंतर सव्वाशे वर्षं साहेबाचा 'दौरा' हा इथल्या हिवाळ्याचा भाग होता. पाऊस संपला की तंबू, खाटा, घडीची टेबलं, कागदांच्या पेट्या, स्वयंपाकाचं सामान, सगळं बैलगाड्यांवर चढायचं. साहेब घोड्यावर पुढे, बैलगाड्या मागून. तंबूला दोन छतं असत, मधे हवा खेळायला जागा. हे दुहेरी छत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १८२५ मध्ये आउट्रमने धरणगावला भिल्ल कोअर उभी केली, तीही याच हलत्या मुक्कामांच्या पद्धतीने सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या कडेने फिरत असे. या दौऱ्याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. साहेब फिरत्या घरात आरामात राहायचा, कारण ते घर उचलायला गावची माणसं आणि गावचे बैल लागायचे. त्यांची आठवण कुठल्या दफ्तरात फारशी नाही.

स्वातंत्र्यानंतर बैलगाडीची जागा जीपने घेतली, साहेबाची जागा विस्तार अधिकाऱ्याने. भारत सरकारच्या क्षेत्रीय प्रचार खात्याच्या गाड्या सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि जनरेटर घेऊन गावोगाव जात, पडदा बांधून पंचवार्षिक योजनेचे सिनेमे दाखवत. आणि सरकारी नसलेलं, पण जास्त रंगीत फिरतं घर म्हणजे टुरिंग टॉकीज. जत्रेच्या मोसमात तंबूतला सिनेमा यायचा. आम्हा पोरांना सिनेमाइतकंच त्या ट्रकचं आकर्षण. प्रोजेक्टर ट्रकातच, माणसं ट्रकाखाली किंवा टपावर झोपलेली, चूल मागच्या चाकापाशी. महाराष्ट्रातल्या या टुरिंग टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्याचा तिथे गौरवही झाला. त्यात फिल्मचा प्रोजेक्टर जाऊन डिजिटल येतो, तो भाग आजच्या विषयाशी फार जवळचा आहे. जुनं यंत्र जपावं की धंदा जगवावा, हा त्या माणसांपुढचा प्रश्न शौकाचा नव्हता, पोटाचा होता.

आता गाडीकडे परत येऊ. आमच्या गाडीची चेसी महिंद्रची, हे नक्की. तिच्यावर तसा नंबर ठोकलेला आहे. पण वरचा डबा? तो कंपनीचा नाही. कुणीतरी बांधून घेतलेला आहे.

तरुण श्रोत्यांसाठी हे थोडं उलगडून सांगतो. आज गाडी शोरूममधून पूर्ण येते. त्या काळी ट्रक, बस, छोटी मालगाडी, यांची बहुतेक वेळा नुसती चेसी यायची. म्हणजे सांगाडा, इंजिन, चाकं आणि फार तर पुढचा पत्रा. ड्रायव्हर डोक्याला फडकं बांधून, लाकडी खोक्यावर बसून ती शेकडो मैल चालवत आणायचा. मग ती बॉडी बांधणाऱ्याकडे जायची. तिथे सुतार लाकडाचा सांगाडा करायचा, पत्रेवाला पत्रा चढवायचा, गाद्यावाला काथ्याच्या सीटा भरायचा, पेंटर नाव घालायचा. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर धावलेल्या पहिल्या एसटीलाही लाकडी बॉडी आणि काथ्याच्या सीटा होत्या. एसटीने पुढे दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथे स्वतःच्या कार्यशाळा उभ्या केल्या. बाकीच्यांचं काम गावोगावच्या कारागिरांनी केलं. म्हणजे या गाड्यांचा निम्मा कर्ता निनावी आहे.

मग 'मूळ' कशाला म्हणायचं? चेसीला म्हणावं तर वरचा अख्खा डबा उपरा ठरतो. डब्याला म्हणावं तर त्याचा कुठे नकाशा नाही, कॅटलॉग नाही.

आरसी बुक मिळालं, हे आमचं भाग्य. जुन्या मालकाने ते पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. नोंदणी १९७४ ची. पहिला मालक कुठलंतरी सरकारी कार्यालय, पण खात्याचं नाव होतं नेमका तेवढाच कोपरा वाळवीने खाल्लेला. वाळवीला इतिहासाची फार जाण असते, बरं का, ती नेहमी महत्त्वाचं तेवढंच खाते. मग निर्लेखन, लिलाव, खाजगी मालक. आणि पुढे निळ्या शाईत, गोल शिक्क्याखाली एक नोंद: इंजिन बदललं, इंधन पेट्रोलऐवजी डिझेल.

या नोंदीमागे अख्खा कालखंड आहे. मूळ इंजिन पेट्रोलचं, २२०० सीसीचं, विलीजचं 'एफ हेड'. त्यात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये. दणकट, पण पिणारं. १९७३ मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले आणि अशा गाड्यांचे मालक अडचणीत आले. आपल्याकडे मग पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवणं हा गॅरेजचा मोठा धंदा झाला. कुणी पर्किन्स बसवलं, कुणी मॅटाडोरचं. खुद्द महिंद्रनेही जीपमध्ये डिझेल आणलं, आणि ते होतं त्यांच्या इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या कुळातलं. आमच्या गाडीत तेच निघालं. बॉडीखाली लपलेलं ट्रॅक्टरचं इंजिन! आमचे मेकॅनिक, त्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांनी ते पहिल्यांदा चालू केलं, आवाज ऐकला आणि अहिराणीत म्हणाले, "हाई जित्ती शे." ही जिवंत आहे. त्याचे भाग जळगावला ट्रॅक्टरच्या दुकानांत अजून मिळतात. विलीजच्या पेट्रोल इंजिनाचे भाग मात्र मुंबई-दिल्लीच्या जुन्या बाजारात शोधावे लागतात, आणि मिळाले तर सोन्याच्या भावाने. जळगावात सोनं त्यापेक्षा सहज मिळेल.

माझ्या मावसभावाचा हट्ट होता, पेट्रोल इंजिनच बसवायचं, १९७४ ची गाडी १९७४ सारखी करायची. नाना म्हणायचे, कशाला? ज्याने डिझेल बसवलं तो काय मूर्ख होता? आमची सहा महिने भांडणं झाली. काम थांबलं.

आणि त्याच काळात ती चूक झाली. ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. गाडीचा वरचा रंग मळका क्रीम. तो खरवडला तेव्हा खाली निळा, त्याखाली करडा-हिरवा. डाव्या बाजूला निळ्याखालून अक्षरं डोकावत होती. मी मोबाइलवर घाईत एक फोटो काढला. त्यात 'फिरते' एवढंच दिसतं. पुढचे शब्द अजून रंगाखाली होते. म्हटलं, रविवारी येऊन हळूहळू, ओल्या फडक्याने, नीट काढू. गाडी तेव्हा एका रंगकाम करणाऱ्याकडे होती. रविवारी गेलो तर डावी बाजू लख्ख. उघडा पत्रा. त्याने मशीनने घोटून काढला होता, आणि बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा होती. त्याला दोष कसा देणार? त्याला थांब म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. इतिहास शिकवतो मी.

फिरते काय? फिरते रुग्णालय? फिरते वाचनालय? फिरते पशुचिकित्सालय? आत टपाला दोन आकडे आहेत. सलाइनची बाटली टांगायला असतील, कंदील टांगायला असतील, किंवा पडद्याची दोरी बांधायला. समोरासमोर दोन लांब बाकं, त्यांच्याखाली कप्पे. यावरून काहीही सिद्ध होत नाही. एका गाडीची सगळी ओळख दोन शब्दांत लिहिलेली होती, आणि ती आमच्या हातून, दुरुस्तीच्या नावाखाली, गेली.

त्या रात्री मला राजवाडे आठवले. इतिहासाचार्य राजवाडे शेवटी धुळ्याला राहिले, ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ त्यांची दफ्तरं सांभाळत इथेच उभं आहे. कागद धुऊन पुसून, भाषा सुधारून छापणाऱ्यांचा त्यांना संताप होता. जसा मिळाला तसा छापा. १९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी छापली, ती याच आग्रहाने. कारण आपण वाचतो ती ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या प्रतीवरून आलेली, आणि राजवाड्यांना त्याच्या आधीची भाषा हवी होती. आता गंमत पाहा. एकनाथांनी काय केलं होतं? वेगवेगळ्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून मूळ ग्रंथ परत उभा केला होता. म्हणजे आजच्या भाषेत रिस्टोरेशन. तेही मुळाकडेच निघाले होते आणि हेही मुळाकडेच. राजवाड्यांच्या पोथीच्या जुनेपणावर पंडितांनी पुढे शंका काढल्या, तो वाद वेगळा. मला त्यातून एवढं कळलं, की पोथी अभ्यासणारा पाठभेद फेकून देत नाही, खाली तळटीपेत ठेवतो. डिझेल इंजिन हा पाठभेद होता. निळा रंग हा पाठभेद होता. आम्ही तळटीपच घोटून काढली.

त्यानंतर भांडण मिटलं. डिझेल राहिलं. मावसभाऊ मनापासून पटून गप्प बसला असं नाही, पण त्याला कायद्यानेही गप्प केलं. तो कायदा सांगतो, कारण तुमच्यातल्या कुणाकडे जुनी गाडी असेल तर उपयोगी पडेल.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरू शकते. पण अट अशी, की ती मूळ स्वरूपात असावी, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ती दहा वर्षं टिकते, नूतनीकरणाला ५ हजार. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आणि मग ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच. म्हणजे आमच्या गाडीपुढे दोन वाटा होत्या. पेट्रोल इंजिन शोधून बसवायचं, डबा 'मूळ' आहे हे कुणालातरी पटवायचं, आणि मग तिला बघत बसायचं. किंवा डिझेल ठेवून, साधी जुनी गाडी म्हणून फेरनोंदणी करून, पर्यावरण कर भरून, तोरणमाळला न्यायचं. दर वेळी तपासणीला उभी करावी लागते, ते वेगळं.

आणि फेरफारही मनाला येईल तसे करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की कंपनीच्या मंजूर रचनेला सोडून गाडी बदलता येणार नाही. आमचं इंजिन वाचलं ते निळ्या शाईतल्या त्या एका नोंदीमुळे. १९८० च्या दशकातल्या कुणा कारकुनाने ती रीतसर केली होती. ती नसती तर आज काय उत्तर दिलं असतं, माहीत नाही.

कॅम्परचंही तसंच. स्वतंत्र मोटार कॅराव्हॅन म्हणून गाडी मंजूर करून घ्यायची तर तिच्यासाठी वेगळं मानक आहे. त्यात टेबल-बैठक, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे पक्के बसवलेले लागतात. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मग आम्ही दौऱ्याच्या साहेबाकडे परत गेलो. त्याचं सगळं सामान घडीचं आणि उचलायचं होतं. आम्हीही गाडीत काहीच ठोकलं नाही. समोरासमोरची दोन बाकं तशीच ठेवली. रात्री मधल्या जागेवर तीन सागवानी फळ्या आडव्या टाकल्या की पलंग होतो. सकाळी फळ्या बाकाखाली. चूल आणि भांडी एका पेटीत, ती पेटी उतरवून बाहेर झाडाखाली स्वयंपाक. डब्यात गॅस पेटवायचा नाही, हा नियम माझ्या बायकोने केला आणि तो सर्वांत उत्तम नियम ठरला.

नवं काय केलं? ब्रेक. मूळ पद्धतीत चारही चाकांना एकच तेलाची लाइन. कुठेही गळती झाली की चारही ब्रेक गेले. तोरणमाळचा सातपायरी घाट अशा भरवशावर उतरण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांची लाइन वेगळी करणारा टँडम मास्टर सिलिंडर बसवला. वायरिंग सगळं नवं, प्रत्येक लाइनला फ्यूज. पुढच्या सीटना पट्टे. या गाडीत वजन आधीच पुढे असतं, ड्रायव्हर चाकावर आणि इंजिन त्याच्या शेजारी, त्यामुळे उतारावर जोरात ब्रेक मारला की मागची बाजू हलकी होते. म्हणून पाण्याच्या कॅन आणि जादा बॅटरी मागे, अगदी तळाशी.

इंजिन शेजारी म्हटलं, ते शब्दशः घ्या. ते दोन सीटच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली आहे. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि गुडघ्याला ट्रॅक्टरचं इंजिन. परदेशातले लोक कॅम्परला थंडीसाठी अस्तर लावतात, त्यांचे व्हिडिओ बघून काही उपयोग नाही. आम्ही झाकणाला आतून उष्णतारोधक अस्तर लावलं. आणि टपावरच्या कॅरिअरवर, चार बोटं अंतर सोडून, पांढरा रंग दिलेला दुसरा पत्रा बांधला. तेच तंबूचं दुहेरी छत. दुपारी खालच्या छताला आतून हात लावता येतो. त्याआधी लावता येत नव्हता.

रंग कोणता दिला? उजव्या बाजूला निळा, आरसी बुकातल्या खाजगी मालकाच्या काळातला. डाव्या बाजूला करडा-हिरवा. लोक हसतात. 'पैसे संपले का' विचारतात. आणि डावीकडे, मागच्या चाकाच्या वर, एक वीतभर चौकोन रंगकामवाल्याच्या मशीनमधून चुकून वाचला होता. त्यात क्रीम, निळा, हिरवा, तिन्ही थर कडेला पायऱ्यांसारखे दिसतात. त्याच्यावर फक्त पारदर्शक लेप दिला आहे. केलेला प्रत्येक बदल तारखेसकट एका वहीत लिहिला आहे, आणि वही गाडीतच असते, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वाळवीपासून लांब.

प्रश्नोत्तरांत एकाने आत्ताच चिठ्ठी पाठवली आहे: एवढ्या खर्चात नवी गाडी आली नसती का? आली असती. जुनी वापरण्यात बचत आहे असं मी म्हणणार नाही, हिशेब आमच्याच विरुद्ध जातो. दुसरा प्रश्न: काढलेलं पेट्रोल इंजिन कुठे गेलं? जुन्या मालकांच्या घरच्यांना विचारलं. त्यांच्या आठवणीप्रमाणे ते काही वर्षं विहिरीवर पंप चालवायला होतं. मग कुणीतरी नेलं. मावसभाऊ अजून शोधतो आहे. सापडलं तर गाडीत बसवायचं नाही, नुसतं शेजारी ठेवायचं, असं त्याच्याकडून लिहून घेतलं आहे.

आता माझी एक विनंती, विशेषतः जे घरून ऐकत आहेत त्यांना. तुमच्यापैकी कुणी १९७४ ते १९८५ च्या दरम्यान शिरपूर, चोपडा, शहादा, यावल या भागात असाल, किंवा तुमचे आईवडील तिथे शिक्षक, नर्स, ग्रामसेवक असतील, तर जुने फोटो बघा. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे, लग्नाचे, शिबिराचे. मागे कुठे बिननाकाची, करड्या-हिरव्या रंगाची गाडी उभी दिसते का? दिसली तर तिची डावी बाजू बघा. 'फिरते'च्या पुढे काय लिहिलंय, तेवढं मला कळवा.